भाऊजींची गिरणी

"पंखा ठीक आहे. हार्ड डिस्कही ठीक आहे. गेलाय तो पॉवर सप्लाय," कॉम्प्युटरच्या डब्याला लावलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवरचा कान काढत मेहुणा म्हणाला.

मेहुणा खरं तर ताईला, म्हणजे आपल्या बहिणीला भेटायला आला होता. चहा पिऊन जाणार होता. पण भाऊजींच्या टेबलाखालून येणारी घरघर ऐकली आणि त्याच्यातला दुरुस्तीवाला जागा झाला. घरघर कसली, गिरणीच ती. सकाळी बटण दाबलं की दळण सुरू, संध्याकाळी बटण दाबलं की बंद. आतल्या खोलीत दार लावून ताई फोनवरून टायरच्या ऑर्डरी घ्यायची. बाहेरच्या खोलीत भाऊजी साबणाची आणि टूथपेस्टची खोकी कशी दुमडायची, त्याचे आराखडे काढायचे.

म्हणजे पूर्वी काढायचे. हिवाळ्यात कंपनीने भाऊजींनाच दुमडून घरी बसवलं होतं. ही बातमी त्यांनी अजून ताईला दिलेली नव्हती. आज सांगू, उद्या सांगू करता करता ती इतकी शिळी झाली, की आता कुठल्या तोंडाने वाढायची? म्हणून रोज सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गिरणी सुरू करत आणि दिवसभर स्क्रीनवर पत्ते खेळत. पगाराच्या तारखेला स्वतःच्याच शिल्लकीतून स्वतःला पगार देत. मध्ये एकदा त्यांनी स्वतःला बढतीही दिली. कामात खंड नव्हता, तक्रार नव्हती, का देऊ नये?

दाराआड ताईच्या कानावर घरघर पडत होती, तोवर भाऊजी नोकरीला होते.

"पॉवर सप्लाय नसेल रे," भाऊजी म्हणाले. "शेजाऱ्यांचा मिक्सर असेल."

मेहुण्याने बटण बंद केलं. शांतता. चालू केलं. घर्रर्र.

"शेजाऱ्यांचा मिक्सर तुमच्या बटणावर चालतो?"

"मग थोडं तेल सोड आणि दे झाकण लावून."

"भाऊजी, ह्याच्या आत बंद केल्यावरही करंट साठून राहतो. हा उघडायचा नसतो. ह्याच्या स्वतःच्या छोट्या पंख्याची बेअरिंग झिजली की सरळ अख्खा बदलायचा." त्याने पुठ्ठ्याची नळी पुन्हा डब्याला लावली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. चेहरा असा केला, की आता नातेवाइकांना बोलावून घ्या.

"मला ह्या आवाजाशिवाय सुचत नाही रे!"

"तुम्हाला सुचो न सुचो, ताईचा विचार करा. बिचारी दिवसभर फोनवर बोलते. समोरच्याला वाटत असेल, बाई विमानतळावर राहते."

तेवढ्यात आतलं दार उघडलं. ताई हेडफोन गळ्यात अडकवून उभी होती.

"राहू दे ना रे," ती म्हणाली. "मला नाही काही त्रास. उलट बरं वाटतं. बाहेर ह्यांचं काम चालू आहे, म्हणजे माझंही चालतं."

भाऊजींना भरून आलं. अशी बायको लोक देवाकडे मागतात, आणि आपण तिला पत्ते खेळून फसवतोय. आता सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण ओठांसमोर मेहुणा होता.

मेहुण्यालाही भरून आलं. "काय तुम्ही दोघं! एकमेकांसाठी किती सोसता!" म्हणत त्याने आपल्या दुरुस्तीच्या बॅगेतून नवा कोरा पॉवर सप्लाय काढला. ताई "अरे, खरंच नको" म्हणाली, भाऊजी "बाबा रे, नको" म्हणाले. जितकं नको म्हणावं, तितका तो हेलावून स्क्रू फिरवत होता.

शेवटी त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बिघडला!" भाऊजींचा चेहरा उजळला.

"बिघडतोय कशाला? तो दिवा बघा. चालू असून कळत नाही, हीच ह्याची खासियत."

भाऊजींची खासियत नेमकी उलटी होती.

मेहुणा डोळे पुसत गेला. ताईने आत जाऊन दार लावलं. घर इतकं शांत झालं, की भिंतीवरचं घड्याळ खोकल्यासारखं वाटू लागलं. भाऊजींनी काही वेळ कीबोर्ड जोरजोरात बडवला. पण पत्त्यांना इतकं टायपिंग लागत नाही. बोटं दुखली, तेव्हा ते उठले. आता झाकायला काही उरलंच नव्हतं. सांगायचं. ओरडली तर ऐकून घ्यायचं. माहेरी जाते म्हणाली, तर मेहुण्याचा पत्ता ठाऊक होताच.

ते दारापाशी गेले. ठोठावायला हात उचलला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना ताईचं ऑफिसचं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

"हो सर," ताई म्हणत होती. "लोकरीचे कपडे वेगळे धुवावेत सर. ओले कपडे मशिनमध्ये ठेवू नयेत, बरोबर." पुस्तिकेचं पान उलटल्याचा आवाज आला. "बुधवारपर्यंत नक्की पाठवते सर. काम झाल्यावर नळ बंद करावा. हो, हो, टायरची ऑर्डर आहे ना सर माझ्या लक्षात."

भाऊजींनी वळून पाहिलं. ताईचा फोन बाहेर जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला होता.

मग त्यांनी हळूच टकटक केली. आतलं बोलणं कापल्यासारखं थांबलं.

"अहो, मीटिंग चालू आहे!"

"तुमच्या सरांना विचार, एखादी जागा रिकामी आहे का," भाऊजी दाराला टेकून म्हणाले. "मीही हिवाळ्यापासून मोकळाच आहे."