लाल नाड्याचं कणीस

“ट्रॉली नंबर एकवीस. ओल सतरा पॉइंट आठ. परत!”

नीरजाने माइकवर आकडा सांगितला आणि बटण बंद केलं. स्टार्च कारखान्याच्या फाटकावरच्या केबिनमध्ये मक्याची ओल मोजणं हे तिचं काम. चौदाच्या वर आकडा गेला की माल परत. सकाळपासून सोळा ट्रॉल्या परत गेल्या होत्या आणि तिचं डोकं तापलं होतं.

खिडकीशी त्या ट्रॉलीच्या उमाबाई आल्या. बागलीकडच्या, साठीच्या, हिंदी मुलखात राहूनही मराठी बोलणाऱ्या. सकाळी ट्रॉलीवर चढून त्यांना दाण्यांत एक कणीस खोचताना नीरजाने पाहिलं होतं. पानांसकट, वर लाल नाडा बांधलेलं. शेतातलं पहिलं कणीस मालासोबत गिरणीपर्यंत धाडायचं, ही त्यांच्या घरची रीत.

“पोरी, आठ दिवस गच्चीवर वाळवलाय मका. दाताखाली धर, कसा कटकन फुटतो बघ.”

“काकू, मशीन खोटं बोलत नाही. वजन वाढवायला पाणी मारता तुम्ही लोक, आणि वर दात दाखवता!”

रांगेतले दोघे-तिघे हसले. उमाबाई हसल्या नाहीत. “पाणी मारणारी अवलाद नाही आमची,” एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. आभाळ भरून आलं होतं, ट्रॅक्टर भाड्याचा. फाटकाबाहेर व्यापारी विक्रमसिंह शेठचा वजनकाटा होता. परत गेलेला माल तो मातीमोल भावात उचलायचा. उमाबाईंनी तिथेच ट्रॉली रिकामी केली.

दुपारी नीरजा डबा खायला निघाली. माल उतरवायच्या खड्ड्यावर शेठचा ट्रक रिकामा होत होता. व्यापाऱ्यांचा माल आतल्या मशीनवर खरेदी अधिकारी भास्कर सर स्वतः तपासायचे. आपल्यावरचा भार कमी व्हावा म्हणून, असं ती दोन वर्षं समजत आली होती.

खड्ड्याच्या जाळीवर काहीतरी अडकलं होतं. हमालाने ते उचलून बाजूला फेकलं.

पानांसकट कणीस. वर लाल नाडा.

नीरजा तिथेच उभी राहिली. ट्रकची चिठ्ठी तिने ड्रायव्हरच्या हातातून ओढून घेतली. भास्कर सरांची सही, ओल तेरा पॉइंट आठ, पास. सकाळी ओला असलेला मका दुपारी फाटकाच्या आत येताच वाळला होता! तिने ट्रकमधून डब्याच्या झाकणात दाणे घेतले. एक दाताखाली धरला. कटकन फुटला. तिच्या अंगाची लाही लाही झाली. शेठचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा आला.

ती केबिनमध्ये परतली. तेच दाणे तिने आपल्या मशीनमध्ये ओतले. सतरा पॉइंट आठ. शेठच्या चिठ्ठीवर तिने लाल शिक्का हाणला आणि माइक उघडला.

“विक्रमसिंह शेठ यांचा ट्रक. ओल सतरा पॉइंट आठ. परत! खड्ड्यातला माल भरून न्या.”

तिने बटण बंद केलं. रांगेतल्या माना केबिनकडे वळल्या. फाटकाबाहेर पिंपळाखाली बसलेल्या उमाबाई उठून उभ्या राहिल्या. शेठ धावतच आला, मागे भास्कर सर.

“मॅडमजी, ये क्या तमाशा है?” शेठ ओरडला. “माल सूखा है, चबाकर देख लो!”

“शेठजी, मशीन खोटं बोलत नाही.”

भास्कर सरांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. चेहरा लालबुंद, पण आवाज दबका. “दिमाग खराब झालाय का तुझा? शेठची गाडी या मशीनला लावायचीच नसते!”

“का नाही?”

“दोन वर्षं इथे बसतेस आणि मलाच विचारतेस? हे मशीन मुद्दाम चार पॉइंट वर ठेवलेलं आहे. शेतकऱ्यांसाठी आहे हे.”

खिडकीच्या काचेपलीकडे रांगेतले सगळे त्यांच्याकडेच बघत होते. ऐकू मात्र कुणालाच काही येत नव्हतं. सगळ्यांत पुढे उमाबाई होत्या.

नीरजाने माइकचं बटण दाबलं. तो उचलून भास्कर सरांच्या तोंडासमोर धरला.

“सर, हेच एकदा रांगेला सांगा.”