डबल स्पीड

एका कनेक्शनवर डाउनलोडला फार वेळ लागतो म्हणून पप्पांनी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं, दोन्ही एका राउटरला जोडली आणि "डबल स्पीड!" म्हणत आचोळ्याच्या आमच्या अख्ख्या सोसायटीत मिरवून घेतलं. आज माझा नोकरीचा शेवटचा इंटरव्ह्यू ऑनलाइन चालू होता आणि मध्येच दोन्ही कनेक्शनं एकदम गेली.

पप्पांनी केबलवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "कंपन्या दोन आहेत ना रे? मग दोन्ही एकाच वेळी कशी मेली?"

"कंपन्या दोन आहेत, साहेब. पण तुमच्या बिल्डिंगमध्ये दोन्ही माझ्याच वायरवरून येतात. ती गच्चीत तुटलीय. उद्या माणूस पाठवतो."

"उद्या? इथे पोरीची नोकरी गेली! माजलात तुम्ही. दुसरा कोणी इथे येत नाही, म्हणून ही दादागिरी!"

मी लॅपटॉप धाडकन मिटला.

"दुसरा आला होता, पप्पा. सेक्रेटरी म्हणून तुम्हीच त्याला गेटवरून हाकललंत. का, तर हा आपल्या गणपतीची लायटिंग फुकटात करून देतो!"