हरकत मुदतीत आली

जगभरच्या कंपन्यांनी हिशेब कसा मांडायचा हे ठरवणाऱ्या मंडळाच्या नव्या मसुद्यावर हरकती घेण्याचा शेवटचा दिवस होता. दुभाषी यंत्राने उतरवलेली एक हरकत मंडळाची सचिव शाल्मलीने बैठकीत मोठ्याने वाचली. ती उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रातल्या दीडशे वर्षांच्या देवमाशाची होती. "जहाजांच्या गोंगाटात आमची पिलं हरवतात. हे नुकसान कंपन्या कुठे दाखवतात?"

सगळे हसले. अध्यक्ष चौबळ मात्र उखडले. "हसता काय? हरकत मुदतीत आलीय ना? मग तिला उत्तर द्यायलाच हवं!"

शाल्मलीला या हट्टी म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. संध्याकाळपर्यंत वादावादी झाली आणि हे नुकसान दाखवायला लावणारं कलम घालायचं ठरलं.

शाल्मलीने यंत्रातून देवमाशाला ओशाळत कळवलं, "नियम लागू व्हायला दहा वर्षं लागतील."

देवमाशाने विचारलं, "इतक्या लवकर?"