शेवटपर्यंत शांत

कोकणकड्यावरून झेपावलेल्या सौमित्रने पॅराशूट उघडलं, पण फार उशिरा. त्याच्या हेल्मेटमधलं रेकॉर्डिंग इरावतीने इतर साथीदारांना ऐकवलं. जमीन अंगावर येत असतानाही तो निवांतपणे खालच्या करवंदीच्या जाळ्यांबद्दल बोलत होता. भीती वाटू न देणारी औषधी पट्टी त्याच्यासारखी सगळ्यांच्याच मानेवर होती. एकेकाने आपापली पट्टी सोलून काढली, आणि मग इरावतीला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती सौमित्रच्या आईला भेटली.

“शेवटी फार घाबरला होता का गं तो?”

“नाही, काकू. अजिबात नाही.”

“तेवढं तरी बरं झालं,” म्हणत काकूंनी डोळे पुसले.

घाबरला असता तर वाचला असता, हे इरावतीला सांगवलं नाही.