दांडीचं माप

नानांनी आतून कडी लावली. खट्ट आवाज ऐकून बाहेर उभ्या असलेल्या मुलाने दार ढकलून पाहिलं. दार नुसतं लोटून घ्यायचं, असं ठरलं होतं.

खुब्याचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले होते. तेव्हापासून मुलगाच नानांना अंघोळ घालत होता, आणि तेवढा वेळ दोघंही एकमेकांकडे न बघता हवापाण्याच्या गप्पा मारत. आजची अंघोळ एकट्याने पार पडली तर उत्तम. नाहीतर सोमवारपासून पगारी माणूस यायचा होता. "परक्या माणसापुढे मी कपडे काढायचा नाही," नानांनी सांगून टाकलं होतं. "त्यापेक्षा पारोसा राहीन."

आत नळ सुटला. स्टूल सरकलं. मुलगा दाराला कान लावून उभा राहिला.

"अहो, व्हा बाजूला," बायको म्हणाली. "आत बाळंतीण नाहीये."

मग नळ बंद झाला आणि काहीच ऐकू येईना.

"नाना?"

त्याने दारावर थाप मारली.

"नाना!" मुलाने दाराला खांदा लावला. दार त्यानेच बसवलेलं, चांगलं भक्कम. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, काम जरा कच्चं केलं असतं तर बरं झालं असतं.

"दार मोडतोस काय, गाढवा? साबण गेलाय डोळ्यात. दम धर."

मुलगा तिथेच फरशीवर बसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

दहा मिनिटांनी नाना काठी टेकत बाहेर आले. अंगात धुतलेला बनियन, एका कानामागे साबणाचा फेस. मुलाला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. नानांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

"भिंतीवर ती आधाराची दांडी कुणी ठोकली?"

"मी. काल."

"माप कुणाचं घेतलंस?"

मुलाने दांडीकडे पाहिलं. एरवी गिऱ्हाइकाला समोर उभं केल्याशिवाय हा कपाटाची फळी ठोकत नसे. ती शिस्त नानांनीच लावली होती. काल मात्र घाईत त्याने आपलाच हात भिंतीला लावून खूण केली होती.

"स्टुलावर बसलं की हात पोचत नाही तिथवर. शेवटी नळाला धरून उठलो."

मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे मग सोमवारपासून..."

"सोमवारी कुणी यायचं नाही. दांडी खाली यायची, आणि ती आजच."

मुलाने दांडी उतरवली. नाना पुन्हा आत जाऊन स्टुलावर बसले, भिंतीवर हात सहज पडला तिथे पेन्सिलीने रेघ मारली. अगदी सरळ, पट्टी न लावता. मुलाने ड्रिल उचललं.

"थांब." नानांनी चार बोटं खाली आणखी एक रेघ मारली.

"ही कशाला?"

"ही मी नव्वदीत गेल्यावरची. भोकं आत्ताच पाडून ठेव. तोवर तुझाही हात कापायला लागला असेल."