गाडीचा सूर

"सर्दीनं कानाला दडे बसलेत, बाबासो. गाडी कुठल्या सुरावर सगळ्यात जास्त घुमते, ते तूच सांग. तिथं हात वर कर, मी सबवूफर स्पीकर त्याच सुराला लावतो."

बाबासोला आपल्या गाडीत बसवून मुबारक बाहेरून सूर हळूहळू चढवू लागला. उद्याच्या कार-साउंड स्पर्धेत दोघंही आपापली गाडी घेऊन उतरणार होते; जिची घुमण सगळ्यात मोठी, तिला ढाल. दोघं एकाच गॅरेजात शिकले, पण गिऱ्हाईक मुबारकचंच नाव घेत यायचं, आणि ते बाबासोला वर्षानुवर्षं सलत होतं.

एका सुराला सीट थरथरली, आरसा हलला, छातीत नगारा वाजल्यागत झालं. गाडीचा सूर हाच होता. बाबासोनं हात मांडीखाली दाबून धरला. सूर पुढं सरकला, घुमणं विरलं, तेव्हा कुठं त्यानं हात वर केला. मुबारकनं न तपासता त्या सुराचाच आकडा पक्का केला.

दुसऱ्या दिवशी ढाल बाबासोला मिळाली. मुबारकनं येऊन त्याला कडकडून मिठी मारली.

"लोक म्हणतायत, माझं ट्यूनिंग चुकलं. मी म्हटलं, शक्यच नाही, बाबासोच्या कानानं लावलंय!"

ढाल हातात असूनही बाबासोला मुबारकचाच हेवा वाटला.