लाल ठिपक्याचा रुसवा

स्क्रीनवरचा लाल ठिपका पुन्हा उठला आणि मांडवाबाहेर जाऊन बसला. त्याबरोबर वाढपी थांबले, पंगत थांबली, शेकडो हिरवे ठिपके पत्रावळीपुढं ताटकळत राहिले. राजनंदिनीनं कपाळावर हात मारला. काही केलं तरी थोरल्या बहिणीच्या, सृष्टीताईच्या लग्नाचं जेवण वेळेत उरकेना, आणि लग्न तर उद्यावर आलेलं.

परभणीच्या कॉलेजात तिला संगणकावर गर्दीची नक्कल करायचं हे टूलकिट नुकतंच मिळालं होतं. मोठं गमतीचं प्रकरण. गर्दीचं चित्र आपण काढायचंच नाही. एकेका ठिपक्याला त्याचा स्वभाव तेवढा द्यायचा: भूक लागली की बस, शेजारचा उठल्याशिवाय उठू नको, थोरामोठ्यांच्या आधी घास घेऊ नको. मग सगळे एकत्र सोडले की गर्दी आपली आपण घडते. तिनं आपल्या गावचं, चारठाण्यातलं सगळं गणगोत असं स्वभावासकट आत भरलं होतं. लाल ठिपका एकच होता, वैजीनाथमामांचा. हे तिच्या नर्मदाआत्यांचे यजमान, घराण्याचे थोरले जावई. ते रुसले नाहीत असं एक लग्न घरात झालं नव्हतं. बालाजीदादाच्या लग्नात दुसऱ्याला आधी फेटा बांधला म्हणून ते लिंबाखाली जाऊन बसले. तिचे वडील गोपाळराव सगळ्यांदेखत हात जोडून उभे राहिले, आणि तोवर पाहुणे अर्धपोटी गाडीत बसून निघूनही गेले. वडिलांचा त्या दिवशीचा चेहरा तिला पुन्हा बघायचा नव्हता.

"ह्यो तांबडा कोण म्हणायचा?" मागून आवाज आला. खुद्द वैजीनाथमामा!

राजनंदिनीला ऐनवेळी खोटं काही सुचेना.

"तुमीच, मामा."

मामांनी खुर्ची ओढली. "परत लाव बरं." तिनं परत लावलं. लाल ठिपका उठला, सगळं थांबलं. मामांनी कडेच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही कोण?"

"झुंबरआजी. त्यांची दवाई जेवणावर हाय."

"माझ्यापायी म्हातारी उपाशी व्हय?" मामा एवढंच म्हणाले आणि उठून गेले. झालं, हे आत्तापासूनच रुसले, असं तिला वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी नवलच घडलं. नवऱ्याकडच्या, मानवतच्या पाहुण्यांना आधी फेटे बांधले तेव्हा सगळ्यांच्या नजरा मामांकडं वळल्या, तर मामा हसत म्हणाले, "बांधा की, पावण्याला आधी!" पंगतीची हाक येताच तेच पहिले मांडी घालून बसले. राजनंदिनीला इतका आनंद झाला की तिथंच नाचावंसं वाटलं.

पंगत मात्र जेवेना. वाढपी हातात बादल्या घेऊन खोळंबले होते. माणसं एकमेकांच्या कानाला लागत होती. गोपाळराव घाईघाईनं आले. चेहरा पार उतरलेला.

"दाजी, एवढा राग? आमचं काय चुकलं तेवढं सांगा."

"अरे, मी रुसलोच न्हाई!"

"असं म्हणायलेत म्हंजे लयच मनाला लागलंय," नर्मदाआत्यांनी डोळ्याला पदर लावला. "लगीन झाल्यापासून ह्ये असे गप कधी बसले न्हाईत."

हे ऐकून भावकीतली जाणती माणसं पानावरून उठली. पाठोपाठ नवरदेवाचे वडीलही उठून आले आणि काय झालंय ते न कळताच हात जोडून उभे राहिले. मामा जीव तोडून नाही म्हणत होते, आणि प्रत्येक नाहीनिशी मंडळींची खात्री वाढत होती.

मामांनी काकुळतीला येऊन राजनंदिनीकडं पाहिलं. ती पदराआड हसू दाबत होती. तिनं हळूच मांडवाबाहेर बोट दाखवलं.

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते ताडकन उठले, बाहेर गेले, तोंड फिरवून बसले. सगळ्या मांडवानं सुटकेचा श्वास सोडला. गोपाळरावांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि ते लगबगीनं हात जोडत निघाले.

"झालं समाधान? रुसलो मी!" मामा ओरडले. "आता समजूत काढा जल्दी, भात निवायलाय!"